साक्रीच्या डोंगरावर चपला झटकताना

आमच्या फैजपुरात कोणी ‘साक्रीकडं जाऊन आलो’ म्हटलं, की समोरचा विचारतो, ‘काहून, बदली झाली का?’ म्हणजे तिकडं आपण होऊन कोणी जात नाही, असा आमचा समज. मी गेलो. तोही केळीच्या घडासोबत. जीपच्या मधल्या सीटवर घड ऐसपैस बसलेला आणि मी मागं, गुडघे छातीला लावून. आबा दर दहा मिनिटांनी मागं वळून विचारायचे, “लागलं नाही ना?” मी म्हणायचो, “नाही आबा.” ते म्हणायचे, “तुला नाही रे, घडाला.”

कारण असं. हर्षलदादा माझा चुलतभाऊ, आबांचा एकुलता एक मुलगा. केळीची बाग, ठिबक, ट्रॅक्टर, नव्या बांधलेल्या खोल्या, सगळं आहे. नवरी नाही. आमच्या भागातल्या पोरींना पुण्यातला मुलगा पाहिजे. तिथं तो चौघांबरोबर एका खोलीत राहत असला तरी चालतं. मग एका मध्यस्थानं साक्रीच्या पुढं, डोंगरातल्या एका गावचं स्थळ आणलं. पोरगी बी.ए., नाव पूनम. आणि म्हणे तिची अट अशी, की नवरा शेतकरीच पाहिजे.

आबा घाबरले. “शेतकरीच पाहिजे म्हणते? पोरगी बरी आहे ना?”

मला नेलं त्याचं कारण म्हणजे दादाचं तोंड. पोरगी समोर आली की त्याला कुलूप लागतं. मला नकला येतात. कंडक्टर, पोलीसपाटील, लग्नातला आचारी, रडणारी मावशी, कोणीही सांगा. मी हसवायचं आणि त्या हसण्यात दादानं पास व्हायचं, असा बेत होता. गावाचं नाव सांगत नाही. लग्नाचा मामला आहे.

धुळ्याच्या पुढं

धुळ्यात चहा प्यायलो तेव्हाच भाषा बदलली. चहावाला म्हणाला, “कितला लेशात भाऊ?” मला एवढं आवडलं की चारच्या जागी सहा चहा सांगितले. आमच्याकडं ‘मले, तुले, हाये’. तिकडं ‘शे’. चहा गरम शे, रस्ता खराब शे, आबा तापेल शे. मी साक्रीपर्यंत सराव करत गेलो. शेवटी आबा म्हणाले, “आता गप बसशील का?” मी म्हटलं, “बसस.”

साक्री सोडली आणि रस्ता वर चढायला लागला. आता फैजपूरच्या माणसाला शेत म्हणजे काय? सपाट जमीन, काळी माती, केळीची हिरवी भिंत. भिंतीच्या पलीकडं दुसऱ्याची भिंत. विहीर खोदताना माती संपता संपत नाही. इथं डोंगर उघडा, लालसर, नुसते धोंडे. आडव्या ओळीत दगड रचलेले. एकाखाली एक, एकाखाली एक, पार नाल्यापर्यंत.

मी विचारलं, “शेतं कुठं आहेत?”

मध्यस्थ म्हणाला, “हीच.”

मला वाटलं मस्करी करतोय. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, की पोरगी बघायच्या कार्यक्रमाला तो जुना फाटका शर्ट घालून आलाय.

आधी टोपली

गावात पोचलो तर गाव रिकामं. दारं उघडी, माणूस नाही. कोंबड्या आमच्या जीपकडं बघत होत्या. काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झालेली. माहेरवाशिणींचे झोके निंबाला तसेच लटकत होते. आबांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. म्हणाले, “पाहुणे येणार माहीत असून कोणी नाही? ही काय पद्धत?”

तेवढ्यात डोंगरावरून एक बाई उतरली. पदर कमरेला खोचलेला, चेहरा मातीनं माखलेला, हातात रिकाम्या टोपल्यांची चळत. ही पूनमची फुई. फुई म्हणजे आत्या. आखाजीला माहेरी आलेली. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकेकाच्या हातात एकेक टोपली दिली.

“पावनं, पानी मंग. पहिले एक टोपलं.”

आबांना कळेना. “अहो बाई, आम्ही पोरगी बघायला आलोय.”

“पोरगी वरच शे. टोपलं लई जा, देखी या.”

मी हसलो. फुई हसली नाही. तिनं सांगितलं ते असं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आख्खं गाव बांधावर असतं. वर्षभरात पावसानं जी माती वाहून खालच्या दगडी बांधामागं साचते, ती खणायची आणि डोक्यावरून परत वर न्यायची. आणि त्या दिवशी जो कोणी गावात पाय ठेवेल त्यानं एक टोपली वर नेल्याशिवाय त्याला पाणी मिळत नाही. “मास्तर यी, नही ते मंत्री यी. एक टोपलं.”

मला खरंच धक्का बसला. आमच्याकडं पाहुणा आला की पंखा, थंड पाणी, शेव. इथं माती!

मध्यस्थ केव्हाच टोपली घेऊन निघाला होता. दादानं गुपचूप चपला सावरल्या आणि त्याच्यामागं गेला. आबा इस्त्रीकडं बघत उभे. फुई म्हणाली, “आबा, तुम्हले अर्धं टोपलं भरसूत.” झालं! अर्ध्याचा अपमान वाटून आबांनी पूर्ण भरून घेतलं.

वर जाताना माझी जी दशा झाली ती सांगत नाही. टोपलीतली माती मानेवरून सदऱ्यात, सदऱ्यातून पँटमध्ये. दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा मागून आवाज आला, “चुंबळ लई ल्या, नही ते मान धरी जाई.” वळून बघितलं तर एक पोरगी. सावळी, उंच, डोक्यावर माझ्या दुप्पट भरलेली टोपली, आणि हात मोकळे. ती पूनम होती. म्हणजे मुलीनं मुलाला बघायच्या आधी मुलाच्या भावाला बसलेलं बघितलं.

ती पुढं झाली आणि दादाला म्हणाली, “तुम्ही ते हर्षल का?” दादाला कुलूप लागलंच होतं. पण डोक्यावर टोपली असल्यामुळं नुसती मान हलवणंही जमेना. शेवटी ओरडला, “हो!” एवढ्या मोठ्यानं की वरचे लोक थांबून बघायला लागले.

सगळ्यात वरच्या शेतात माती टाकली. तिथं मी पायानं उकरून बघितलं. वीतभर माती, खाली मुरूम. बस्स. एवढ्यावर नागली येते, भुईमूग येतो, माणसं जगतात. मी पूनमला विचारलं, “हे तुमचं वावर का?”

“नही. आम्हनं ते खाल. नालाजोडे.”

“मग दुसऱ्याच्या शेतात का टाकताय?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी विचारलं, की घास तोंडातच का घालायचा. “वर टाकी की पानीसंगे हळूहळू उतरस, बठ्ठास्ना वावरमा ऱ्हास. खालेच टाकी ते पहिल्या पानीमा नालामा जास.” बठ्ठा म्हणजे सगळे.

तिचे वडील भटूभाऊ म्हणाले, हे बांध त्यांच्या आजाच्या लहानपणी झाले. तेव्हा कोणी सरकारी साहेब तिवईवरची दुर्बीण घेऊन आला, डोंगरावर चुन्याच्या रेघा मारल्या, दगड रचायला सांगितलं आणि गेला. लोकांना वाटलं साहेब येडा शे. पण पुढच्या पावसात रेघेच्या वर माती थांबली. तेव्हापासून आखाजीचा दुसरा दिवस बांधाचा.

शेतातून निघताना अजून एक प्रकार. प्रत्येक जण बांधावर थांबायचा, चपला काढायचा, एकीवर एक आपटायचा. खटखट, खटखट. माती झटकून मगच पुढं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. मी तसाच पुढं गेलो तर भटूभाऊ म्हणाले, “भाऊ, चपला झटकी जा.”

मला वाटलं देवाचं काही असेल. मी विचारलं, “कोणता देव?”

“देव कसाले? माटी शे.”

चपलेला चिकटून किती माती जाणार हो? चिमूटभर! मी परत गेलो आणि आपटल्या. आबांकडं बघितलं. ते पण आपटत होते, पण चेहरा असा जसा कोणी त्यांना भर बाजारात उठाबशा काढायला लावल्यात.

साय

ऊन उतरल्यावर जेवणं झाली. निंबाखाली पंगत. नागलीची भाकर, उडदाची दाळ, खुरासणीची काळी चटणी, आणि काल आखाजीला केलेली खापरावरची पुरणपोळी रसासोबत. आमच्या भरीत आणि कळण्याच्या भाकरीपुढं मी कोणाला मानत नाही, पण त्या उडदाच्या दाळीसमोर मी मान खाली घातली आणि चार वेळा वाढून घेतली. आमचा घड सगळ्यांना वाटला. पोरांनी केळी खाऊन साली गोळा केल्या आणि पळत शेतात टाकून आली. कोणी सांगितलंही नव्हतं.

सगळं छान चाललं होतं. पूनम दादाला काहीतरी विचारत होती आणि दादा उत्तरं देत होता! चक्क वाक्यं! आबा सैलावले. म्हणाले, “आमचा कल्पेश नकला करतो.” फुई म्हणाली, “कर रे भाऊ, मन्ही कर.”

मी फुईची केली. कमरेला पदर, “पावनं, पानी मंग.” पंगत कोसळली. फुईनं डोळे पुसले. मग धुळ्याचा चहावाला. मग डोक्यावर टोपली घेऊन ‘हो!’ ओरडणारा दादा. पूनम तोंडावर हात ठेवून हसली. मी हवेत.

मग मी माझं हुकमी पान काढलं. आमच्याकडचा वीटभट्टीवाला शेठ. ही नक्कल आमच्या गावात लग्नात करायला लावतात. पोट पुढं, तोंडात गुटखा, एक फोन कानाला आणि एक हातात. मी म्हटलं,

“आबा, घाबरता काय? वरवरची साय काढतो फक्त! दूध तुमचंच!”

पुढं आबा, हो आबाच, घाबरत विचारतात, “किती साय?” आणि शेठ छातीला हात लावतो, मग डोक्याला, मग हात वर करून उडी मारतो, “एवढीच!” मग जेसीबीचा आवाज, डंपरचा रिव्हर्सचा आवाज, आणि शेवटी शेठ थुंकून म्हणतो, “आबा, पुढच्या पट्ट्याची साय कधी काढू? लग्न आहे ना पोराचं!”

आमच्याकडं इथं टाळ्या पडतात.

इथं कोणी हललं नाही.

मला वाटलं भाषा कळली नाही. म्हणून मी, येडा, अजून समजावून सांगितलं. की आबांनी गावाबाहेरच्या शेताच्या एका पट्ट्याची माती वीटभट्टीला विकली. दुसऱ्या पट्ट्याचा शब्द दिलाय, लग्नाच्या खर्चासाठी. आठवड्या-दोन आठवड्यांत जेसीबी येणार.

फुईनं हातातला घास ताटात ठेवला. “माटी ईकी?”

“हो, म्हणजे वरची...”

“वावर नही ईकं. माटी ईकी?”

“हो.”

ती भटूभाऊंकडं वळली. “दादा, माटी ईकतस हाई लोक!” तिच्या आवाजात राग नव्हता. तो आवाज मी ओळखतो. घरात माणूस गेल्यावर बाया जसं बोलतात, तसा.

आबांनी बाजू घेतली. “बाई, आमच्याकडं माती खोल आहे. तापीनं आणून टाकलेली. कितीही काढा, खाली मातीच.” खरं होतं ते. पण डोक्यावरून जिनं दिवसभर माती वाहिली तिच्यासमोर ते वाक्य ऐकताना माझ्याच कानाला कसंतरी झालं.

पूनम दादाला म्हणाली, “तुम्ही काय म्हनात तवय?”

दादा म्हणाला, “काही नाही. नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलो नाही.”

ती उठून ताट घेऊन आत गेली. मी हसवायला आलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आवाज नको झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना भटूभाऊ एवढंच म्हणाले, “आंडेर म्हनस, घर देखाले यीसूत. मंग सांगसूत.” आंडेर म्हणजे मुलगी. जीपमध्ये मधली सीट आता रिकामी होती. तरी मी मागंच बसलो. पारोळ्याला आबा मागं वळून म्हणाले, “तुला दुसरी नक्कल नव्हती का?”

परत फैजपूर

आठवड्याभरानं ते आले. भटूभाऊ, फुई, पूनम. काकूनं भरीत केलं, शेवभाजी केली. आबांनी नव्या खोल्या दाखवल्या, फरशी दाखवली, गिझर दोनदा चालू करून दाखवला. फुईनं गरम पाण्याला हात लावून ‘माय वं!’ म्हटलं तेव्हा आबांच्या जिवात जीव आला.

नव्या खोल्यांच्या मागच्या भिंतीला अजून प्लॅस्टर नाही. पूनम तिथं थांबली. उघड्या विटेवर तळहात ठेवला.

“हाई वावर शे ना?”

वीट त्याच भट्टीची. आबांनी मातीच्या बदल्यात काही विटा घेतल्या होत्या, स्वस्तात पडल्या म्हणून तेव्हा आम्हीच खूश होतो. मी या भिंतीला टेकून रोज मोबाइल बघायचो. त्या दिवसापासून मला टेकवत नाही.

मग ती म्हणाली, “खड्डा देखाना शे.”

आबा म्हणाले, “तिथं काय बघायचं? केळी बघू.” पण ती निघाली होती.

माती काढली तिथला तो खड्डा आम्ही रोज बघतो. म्हणजे रोज बघत नाही. तळाला हिरवं पाणी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुत्री. पूनम कडेनं घसरत खाली उतरली. मातीची कापलेली भिंत तिच्या डोक्याच्या वर गेली. तिनं नखानं भिंत खरवडली. काळी. वाकून तळ खरवडला. तिथंही काळीच. फुई वरून ओरडली, “मुरूम लागना का?”

“नही फुई! आजून माटीच शे!”

आता धक्का बसायची पाळी तिची होती. ती तिथंच उकिडवी बसली, भिंतीकडं बघत. त्यांच्या आख्ख्या डोंगरावर गावानं त्या दिवशी दिवसभर वाहिली तेवढी माती त्या एका कोपऱ्यात होती. वर कडेला आमच्या केळीचं एक खोड खड्ड्याकडं कललेलं, मुळं हवेत. माझ्या देखत मूठभर माती त्या मुळांतून सुटली आणि खाली पाण्यात पडली. मग अजून थोडी. खड्डा आमच्या बागेला कडेनं खात होता आणि आम्ही म्हणायचो, ‘तो पट्टा गेला तो गेला.’

ती वर आली. आबांच्या समोर उभी राहिली. आवाज शांत.

“आबा, आम्हनी माटी खाल जास, ते आम्ही वर आनतस. तुम्हनी भिंतमा गयी. ती कशी आनशात?”

मी आबांना भाऊबंदकीत ओरडताना ऐकलंय, व्यापाऱ्याला झापताना ऐकलंय. इथं ते वाकले आणि ते कललेलं खोड हातानं सरळ करायला लागले.

ते लोक जीपकडं निघाले. आमच्या शेताची कड आली, डांबरी रस्ता सुरू होतो तिथं. पूनम थांबली. चपला काढल्या. खटखट, खटखट. फुईनंही. भटूभाऊंनीही. मुद्दाम नाही, त्यांच्या लक्षातही नव्हतं. काळी भुकटी आमच्या शेतात पडली आणि ते रस्त्यावर गेले. आबा तिथंच उभे, त्या भुकटीकडं बघत.

होकार नाही, नकार नाही. दादानं रात्री जेवण केलं नाही. काकू मला म्हणाली, “तू आता नकला सोड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आला. मागं ट्रेलरवर जेसीबी. अगदी माझ्या नकलेसारखा. पोट, गुटखा, दोन फोन. थेट दुसऱ्या पट्ट्यात घुसला, बुटानं जमीन ठोकत चालला. “आबा, एक नंबर साय आहे! उद्यापर्यंत काढून देतो. पोराचं लग्न आहे, पैसा लागणार!”

दादा पुढं झाला. “शेठ, माती नाही द्यायची.”

शेठ हसला. “तू थांब रे. आबांशी बोलणं झालंय.” आणि आबांकडं बघितलं.

मीही बघितलं. आबांनी शब्द दिला होता. आबा शब्द मोडत नाहीत, सगळ्या गावाला माहीत आहे. ते चालत कडेला आले. रस्त्याच्या अलीकडं थांबले. चपला काढल्या. हळूहळू, गुडघा दुखत असताना, एकीवर एक आपटल्या. खटखट. मग अनवाणी शेठकडं वळले.

“शेठ, लग्न मारुतीच्या देवळात करू. तू जा.”

“आबा, अहो, शब्द...”

“आणि जाताना बूट झटकून जा.”

शेठ हसायला गेला. आबा हसत नव्हते. दादा हसत नव्हता. जेसीबीचा ड्रायव्हरही खाली बघत होता. मग तो माणूस, ज्याच्यासमोर आमचं आख्खं गाव हात जोडतं, ट्रेलरला एक हात लावून, एका पायावर डुगडुगत, बूट काढायला लागला. पोट मधे येत होतं. दोन्ही फोन वाजत होते. खट. खट.

दादानं तिथूनच पूनमला फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं. स्पीकरवर होता. तिकडून फुईचा आवाज आला, “ए कल्पेश! बूट झटकाडाना नक्कल कर ना रे!”

फोनवर नक्कल कशी दिसणार? तरी मी केली. रस्त्याच्या कडेला, एका पायावर, दोन फोन, पोट, खट, खट. आवाजावरूनच त्यांना कळलं. तिकडून भटूभाऊंचं हसणं आलं, बायकांचं, पोरांचं. निंबाखालची तीच पंगत असणार.

त्या हसण्यातून पूनमचा आवाज आला. आमच्याशी नाही, फुईशी बोलत होती.

“फुई, पुढली आखाजीले एक टोपलं जास्त ठेवजो. मी सासरथून येसू.”

दादा रस्त्यावर पळत सुटला, अर्ध्यातून शेताच्या कडेला परत आला आणि चपला झटकल्या.